केळीच्या पिठाची शेवभाजी

माझी लेक सहा महिन्यांची झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, "आता वरचं अन्न सुरू करा." हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर, स्पीकर सुरू ठेवून, जळगावहून माझी आई ऐकत होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत दोघींचाही बेत ठरला होता. दोघींचा वेगवेगळा.

सासूबाईंना आमच्या धुळ्याच्या गल्लीत लहानथोर सगळे अक्का म्हणतात. मीही तेच म्हणते. अक्का मूळच्या साक्रीकडच्या, शेतकरी घरातल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याशी त्या जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या, आणि चिडल्या की अहिराणीत यायच्या. त्यामुळे भाषा बदलली की मी सावध व्हायची. अक्कांचं म्हणणं होतं की बाळाला मुगाची पेज द्यायची. मूग आणि तांदूळ धुऊन, वाळवून, खमंग भाजून, भरड दळायचे. ती भरड शिजवायची आणि वरून जिरं घालून तूप सोडायचं. त्यांच्या घरातली सात भावंडं ह्याच पेजेवर मोठी झाली होती.

आईचं म्हणणं होतं केळीचं पीठ. वडिलांचा जळगावबाहेर केळीचा बाग आहे. आई कच्च्या केळ्यांच्या चकत्या करते, काळ्या पडू नयेत म्हणून ताकाच्या पाण्यात बुडवते, गच्चीवर जुन्या साडीवर पसरते, आणि आमच्याकडच्या उन्हात त्या दोन दिवसांत खडखडीत वाळतात. मग दळायच्या, मलमलच्या फडक्यातून चाळायच्या. त्या पिठाची खीर. "तुला मी ह्याच्यावरच वाढवलं," असं ती मला आठवड्यातून दोनदा तरी सांगायची.

मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माणसाची पचनसंस्था मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकते. त्याचा घरात काहीही उपयोग झाला नाही.

कारण लेकीने दोन्ही पदार्थ नाकारले. रडून, ओरडून नव्हे. ती पहिला चमचा अगदी शांतपणे तोंडात घ्यायची, थोडा वेळ विचार केल्यासारखा चेहरा करायची आणि जिभेने तो सगळा घास हळूहळू बाहेर ढकलायची. दुसऱ्या चमच्याला ओठ घट्ट मिटायची आणि हसायची. मिटलेल्या ओठांनी इतकं प्रसन्न हसणारं दुसरं मूल मी पाहिलेलं नाही. सकाळी वाटीभर पेज, दुपारी वाटीभर खीर, संध्याकाळी परत पेज. आणि प्रत्येक वेळी दोन चमचे कमी झालेली वाटी माझ्या हातात.

पहिल्या दिवशी मी ती वाटी मोरीकडे नेली. मागून आवाज आला, "कसाले फेकस व माय?"

अहिराणी! मी जागीच थांबले.

अक्कांच्या घरात अन्न टाकत नाहीत, हे मला ठाऊक होतं. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताचे वडे, ताकाच्या भांड्याच्या विसळवणीत भिजवलेली कणीक, हे सगळं मी पाहिलं होतं. पण बाळाची उष्टी पेज? त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि ओट्यावर झाकून ठेवली. "सात भावंडांत मी सगळ्यात धाकटी," त्या म्हणाल्या, "माझ्या वाटणीला पातेलं खरडल्याचाच आवाज यायचा जास्त." हे त्या हसत म्हणाल्या, पण नंतर मी पुन्हा कधी मोरीकडे वाटी नेली नाही.

सुरुवातीला ह्या वाट्या आबांकडे जायच्या. आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. भरलेल्या गाडीत पुढच्या दारातून मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्याची त्यांना अशी सवय लागली आहे की त्यांची कुजबुजसुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जाते. निवृत्तीनंतर कवळी आली, आणि भाकरी चावणं अवघड झालं. त्यात ही मऊ, कोमट, तूप घातलेली पेज रोज दिवसातून तीनदा समोर यायला लागली. आबांनी एकदाही तक्रार केली नाही. उलट ते वेळेवर येऊन बसायचे. नातीला भरवणं सुरू असलं की खुर्ची जवळ ओढायचे आणि प्रत्येक चमच्याबरोबर नातीच्या तोंडाकडे बघायचे. तिने ओठ मिटले की त्यांचा चेहरा उजळायचा. मला काही दिवस वाटत होतं की हे नातीवरचं प्रेम आहे.

इथपर्यंत कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते मी.

आई रोज संध्याकाळी सहाला फोन करायची. पहिला प्रश्न, "पीठ खाल्लं का?" पहिल्या दिवशी मी कॉलेजातून दमून आले होते, आणि मला समजावत बसायचं नव्हतं. मी म्हटलं, "हो, खाल्लं."

"किती?"

"वाटीभर."

फोनवर आईचा आनंद मला दिसला. त्या दिवसापासून लेक आमच्या फोनवर रोज वाटीभर खीर खायला लागली. कधी कधी मी दीड वाटी सांगायची, कारण रोज तेच सांगणं खोटं वाटेल अशी मला भीती वाटायची. परिणाम असा झाला की पीठ लवकर संपायला हवं, असा आईने हिशोब केला आणि दर पंधरा दिवसांनी नवा डबा यायला लागला. ती जळगावच्या स्टँडवर गाडीत ठेवून द्यायची, आणि आबा धुळ्याच्या स्टँडवर जाऊन, ओळखीच्या कंडक्टरकडून तो उतरवून घ्यायचे. डबा काखेत मारून येताना ते खूश असायचे. पेजेपेक्षा खीर त्यांना जास्त आवडत होती.

मग एके दिवशी आई म्हणाली, "मला तिला खाताना बघायचंय. व्हिडिओ लाव."

मी अक्कांकडे पाहिलं. माझं खोटं बोलणं त्यांनी पहिल्या दिवसापासून ऐकलं होतं आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. त्यांनी शांतपणे पदर खोचला आणि सगळी मांडामांड केली. माझ्या नवऱ्याने फोन धरायचा, तो लेकीच्या मागून, म्हणजे तिचं डोकं आणि कान दिसतील, तोंड नाही. मी समोर बसून चमचा पुढे न्यायचा. आणि फोनच्या नजरेबाहेर, माझ्या उजव्या हाताशी, आबा.

"बघ गं आई, खातेय," मी म्हटलं आणि भरलेला चमचा लेकीच्या डोक्याआड नेऊन तसाच खालून उजवीकडे वळवला. आबांनी तो घेतला. आणि आबा जे करतात ते मोठ्यानेच करतात.

"अगं बाई!" जळगावहून आई ओरडली, "कशी मचमच आवाज करत खातेय!"

नवऱ्याचा फोन धरलेला हात थरथरायला लागला. आईच्या पडद्यावर लेकीचं डोकं भूकंप झाल्यासारखं हलत असणार. "रेंज नाही, रेंज नाही," असं म्हणत त्याने फोन बंद केला आणि पलंगावर उताणा पडून हसला. अक्का हसल्या नाहीत. त्या आबांना म्हणाल्या, "जरा बारीक आवाज करा तर काय व्हई?"

पुढचा डबा आठवड्यातच आला. दुप्पट.

आता आबांच्या एकट्याच्या आवाक्यातलं काम राहिलं नव्हतं. अक्कांनी उरलेलं स्वयंपाकात मुरवायला सुरुवात केली. सगळेच प्रयोग जमले असं नाही. मुगाची पेज कढीत घातली तेव्हा कढी इतकी घट्ट झाली की डाव तिच्यात उभा राहिला. नवऱ्याने तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही वाढायची की कापायची?" लेकीने तसाच नाकारलेला उकडलेल्या गाजराचा गोळा पोळीत गेला, पोळ्या भगव्या झाल्या. थालीपीठ मात्र पेजेने असं खुसखुशीत व्हायचं की मी डब्यात नेलं तर स्टाफरूममध्ये भाजणीचं प्रमाण विचारायला लागले. मी सांगितलं, "सासूबाईंचं आहे, त्या सांगत नाहीत."

नवऱ्याचा मात्र सगळ्यावरचा विश्वास उडाला. तो जेवायला बसला की प्रत्येक पदार्थाकडे बोट दाखवून विचारायचा, "हे कुणी नाकारलंय?"

"जेव गुपचूप," अक्का म्हणायच्या.

केळीच्या पिठाचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. भज्यांत घातलं, बरं झालं. धिरड्यांत घातलं, चिकट झालं. आबांनी ते चहात घालून बघायला सुचवलं. अक्कांनी चहाचं पातेलं त्यांच्यापासून लांब सरकवलं. मग एका रविवारी अक्कांनी शेवभाजी केली. कांदा-खोबरं भाजून वाटलेला काळा मसाला, वर तेलाचा लाल तवंग, नेहमीसारखीच. रस्सा पातळ झाला म्हणून त्यांनी काय केलं, तर दोन चमचे केळीचं पीठ तव्यावर गुलाबी भाजलं आणि पाण्यात कालवून उकळत्या रश्श्यात सोडलं. रस्सा एकदम जमून आला. दाट, गुळगुळीत, तिखटाला किंचित गोडसर पाठ असलेला. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि थांबला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो.

"हे कुणी नाकारलंय?" त्याने विचारलं.

"तुझ्या लेकीने," मी म्हटलं.

"मग तिला म्हणावं रोज नाकारत जा," तो म्हणाला आणि दुसरी वाटी पुढे केली.

त्याच सुमारास लेकीला लसीच्या डोसाला नेलं. डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर झोपवलं आणि म्हणाले, ठीक आहे, जरा अजून वाढायला हवं. आबा बरोबर आले होते. ते रिकामे बसले होते म्हणून कोपऱ्यातल्या मोठ्या काट्यावर उभे राहिले. काट्याने दाखवलेलं वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. डॉक्टरही उठून आले. घराजवळचेच असल्यामुळे आबांच्या तपासण्या तेच बघतात. "आबा, चार किलो वाढलेत तुम्ही! काय खाताय?"

आबांनी मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "नात जे खात नही, ते बठ्ठं!"

बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या आया हसल्या. मी फाइलीत तोंड घातलं. डॉक्टरांनी आबांना तूप बंद करायला सांगितलं आणि मला म्हणाले, "मुलीच्या मागे लागू नका. तुम्ही जेवता तेव्हा तिलाही ताटाशी बसवा. तिचं ती ठरवेल."

तिने ठरवलं. त्याला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. आबा जेवत होते, लेक त्यांच्या मांडीवर. शेवभाजीच्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी त्यांच्या ताटात होती. मी पाणी आणायला आत गेले आणि आबांची हाक ऐकून धावत बाहेर आले. लेकीच्या मुठीत भाकरी होती, हनुवटीवर लाल तवंग होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिचे कान तांबडे झाले होते. उचकी लागली होती. अक्का तुपाची वाटी घेऊन धावल्या. मी तिला उचलायला गेले तर तिने एक किंकाळी फोडली. वेदनेची असेल म्हणून मी घाबरले. पण ती ताटाकडे हात करत होती. मी तिला ताटापासून लांब नेत होते म्हणून ती किंचाळली होती.

त्या दिवसापासून तिला भाकरी हवी, वरण हवं, आणि रश्श्यात बोट बुडवून चाटायला हवं. आम्ही तिच्यासाठी बिनतिखटाचं वेगळं काढायचो. ते तिला लगेच कळायचं. पेज आणि खीर दिसली की ती तोंड फिरवायची. चमचासुद्धा नको, स्वतःच्या हाताने खाणार. बाळाचं अन्न हा विषय आमच्या घरातून संपला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात जळगावहून तीन मोठे डबे आले. पावसाळ्यात केळी वाळणार नाहीत म्हणून आईने चार महिन्यांची बेगमी करून पाठवली होती. आबांनी ते रिक्षा करून आणले.

आईला खरं सांगायला हवं होतं. मी तीनदा फोन हातात घेतला. दर वेळी ती आधीच बोलायला लागायची. गच्चीवर खारी कशा येतात, कावळे हाकलायला ती दुपारभर छत्री घेऊन कशी बसते, गुडघ्याला तेल लावून जिना कसा चढते. हे सगळं ऐकल्यावर मी म्हणायची, "हो गं, दीड वाटी खाल्ली."

लेकीचा पहिला वाढदिवस श्रावणात आला. आई आदल्या दिवशीच एकटी आली. वडील दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. ती यायच्या आधी अक्कांनी आणि मी तिन्ही डबे कपाटात आत सरकवून पुढे साड्यांची चळत लावली. अक्कांनी सगळ्यांना बजावलं. आबांना दोनदा.

संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसलो. अक्कांनी पाहुणीसाठी त्यांचा सगळ्यात चांगला पदार्थ केला होता. मला ताट वाढताना लक्षात आलं की तो कुठला आहे, पण तोवर उशीर झाला होता. शेवभाजी. आता त्यांना पिठाशिवाय ती करताच येत नव्हती. ओट्यावरच्या बरणीत काढून ठेवलेल्या पिठाकडे हात सवयीनेच गेला होता.

आईने घास घेतला. "विहीणबाई, काय रस्सा जमलाय! शेंगदाणे आहेत का?"

"थोडे शेत," अक्का म्हणाल्या. त्यांनी भाषा बदलली हे मी ऐकलं.

"पण अजून काहीतरी आहे. ओळखीचं वाटतंय, नाव सुचत नाही." आई बोटं चाटत विचार करत राहिली.

आबा माझ्याकडे वाकले. त्यांनी तोंडावर हात धरला आणि कुजबुजले, "सांगू नको व बेटा, त्यासनंच केळीनं पीठ शे!"

समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीत येऊन आमच्याकडे बघितलं. आईचा हात ताटातच राहिला.

"कुठलं पीठ?" आईने मला विचारलं.

मी खाली बघून सांगितलं, "आई, ती खात नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून? मी स्वतः बघितलंय व्हिडिओवर! किती मचमच करत..."

आबांनी शाळेत करतात तसा हात वर केला. "ते मी व्हतू," ते म्हणाले.

नवरा उठून पाणी प्यायला गेला. त्याच्या हातात भरलेला पेला होता तरी. मला हसू येत नव्हतं. आईचा चेहरा पडला होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "पिठाचं सोड. भाजीत घाल, भज्यांत घाल. पण मला रोज खोटं का सांगितलंस? मी फोन ठेवला की तुझ्या बाबांना सांगायची, आज इतकं खाल्लं. आम्ही दोघं त्याच्यावर जेवायचो."

तेव्हा अक्का बोलल्या. "तिले बोलू नका. ती सांगणारच व्हती. मीच म्हटलं, याहीनले वाईट वाटी, सांगू नको. चूक मनी शे."

हे खरं नव्हतं. अक्कांनी मला असं कधीच सांगितलं नव्हतं. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या माझ्याकडे न बघता आईच्या ताटात भाकरी वाढत होत्या. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या दिवसापर्यंत मी त्यांना घाबरायची, त्यानंतर नाही. कधी कधी त्या अहिराणीत रागावतात, पण ते मला नुसतं बोलणं वाटतं.

आईने भाकरी घेतली. ती जेवली, पण रस्सा परत मागितला नाही.

सकाळी मी उठले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. साड्यांच्या मागचा डबा तिला बरोबर सापडला होता. तिने खीर केली होती, वेलची घालून, आणि ती लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. "तुम्हाला भरवता येत नाही," ती म्हणाली, "बघ आता."

तिने चिऊ आणली, काऊ आणला, विमान आणलं. वाटी वाजवली. स्वतःच्या नाकाला खीर लावून दाखवली. लेकीला हे सगळं इतकं आवडलं की ती टाळ्या वाजवायला लागली, मात्र ओठ मिटून. अर्ध्या तासाने तिला आजीची दया आली असावी. तिने तोंड उघडलं, एक चमचा आत घेतला, आजीकडे प्रेमाने बघितलं, आणि वाढदिवसासाठी नेसलेल्या नव्या साडीवर तो परत केला.

आईने साडी पुसली. "तू तर आवडीने खायचीस," ती मला म्हणाली. "एक थेंब ठेवायची नाहीस. थांब, बाबांनाच विचारते." आणि तिने स्पीकर लावून वडिलांना फोन केला. ते गाडीत होते, पारोळ्याच्या आसपास.

"अहो, ही लहानपणी केळीच्या पिठाची खीर खायची ना?"

गाडीच्या आवाजात वडिलांचं उत्तर आलं. "ही? छे! तुझी पाठ फिरली की मी संपवायचो. वाटी रिकामी दिसली की तू खूश असायचीस ना."

आई फोनकडे बघत होती. मग तिने वाटीतल्या उरलेल्या खिरीकडे बघितलं, चमचा भरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. तिने ती तोंडात थोडी फिरवली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लेकीचा तो विचार करण्याचा चेहरा कुणाकडून आला आहे.

"याला काही चवच नाही गं," ती म्हणाली.

सगळ्यात आधी अक्का हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग आई. दोघी हसत हसत ओट्याला टेकल्या, आणि आई मध्येच थांबून म्हणायची, "तीस वर्षं! तीस वर्षं मला कोणी सांगितलं नाही!" आणि परत हसायची. वडील फोनवर "हॅलो, हॅलो" करत राहिले.

दुपारी पन्नासेक माणसं जेवायला होती. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्टीचं पीठ अक्का मळत होत्या आणि आई बाजूला बसून बघत होती. तिने एकाएकी विचारलं, "यात घालून बघायचं का? तळल्यावर कुरकुरीत होतील." अक्कांनी परात तिच्याकडे सरकवली. आईने मुठीने मोजत एक अख्खा डबा त्या परातीत रिता केला, आणि आदल्या संध्याकाळी जिचा चेहरा पडला होता त्या बाईला मी गुणगुणताना ऐकलं. बट्ट्या बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ झाल्या. वडील थेट पंगतीतच येऊन बसले. त्यांनी चार खाल्ल्या आणि विचारलं, "काय घातलंय यात?" आई म्हणाली, "तुम्ही तर ओळखायला पाहिजे," आणि पुढे तीन-चार तास त्यांच्याशी बोलली नाही.

वाढदिवस झालेली मुलगी आबांच्या मांडीवर बसून वरणात बुडवलेली बट्टी चोखत होती. केकची तिने ओठ मिटून, हसून बोळवण केली. तो आबांकडे गेला. अक्कांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

ह्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आई अजूनही उन्हाळ्यात गच्चीवर केळी वाळवते, कावळे हाकलते, डबे पाठवते. आता ती पीठ जरा जाडसर दळते, कारण अक्कांनी कळवलं की बारीक पीठ रश्श्यात गुठळ्या धरतं. मध्यंतरी तिने चकत्यांना हळद-मीठ लावून वाळवून बघितलं. अक्कांनी ते दोन रविवार करून पाहिलं आणि नको म्हणून कळवलं. सहाचा फोन आता मला येत नाही. तो थेट अक्कांना येतो, आणि तासभर चालतो. अक्का अहिराणीत बोलतात, आई तिच्या मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळतं. काय काय ठरतं ते त्या मला सांगत नाहीत. मागच्या आठवड्यात भेंडीची भाजी थोडी वेगळी लागली. मी विचारलं, "अक्का, यात काय आहे?"

"जेव गुपचूप," त्या म्हणाल्या.